बंब पाइपलाइनला जोडताय? आधी वेंट पाइप बघा!

व्हिडिओत आपण बंबाची जोडणी बघितली. त्यामागचं कारण इथे सविस्तर सांगतो.

आमच्या वडगाव रासाईत थंडी पडली की अंगणात बंब पेटतो. थंड देशांत अशाच भट्टीचं पाणी पाइपने फिरवून अख्खं घर गरम ठेवतात. आपल्याकडे तेवढी गरज नाही, पण गरम पाणी थेट बाथरूमच्या नळाला हवं, असं गिऱ्हाईक आता म्हणतं. फिटिंगचा हा चांगला धंदा आहे.

गिऱ्हाइकाला हिशोब असा सांगा

१०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला ४,००० किलोकॅलरी लागतात. विजेवर म्हणजे पावणेपाच युनिटच्या आसपास. वाळलेलं लाकूड किलोला साधारण ३,५०० किलोकॅलरी देतं. निम्मी उष्णता धुराड्यातून गेली, तरी अडीच किलोच्या आत काम होतं.

खरी गोम कुठे आहे?

जुन्या बंबात वरून नरसाळ्यात थंड पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी बाहेर येतं. ते नरसाळं कायम उघडं असतं, त्यामुळे वाफ कोंडत नाही. पाइपलाइनला जोडताना आपण तेच तोंड बंद करतो. वर नळ बंद, खालच्या लाइनला एनआरव्ही, म्हणजे बंब झाला शिटी नसलेला कुकर! एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,६०० लिटर जागा मागते.

जोडणी अशी करा

१. थंड पाणी खालून आत, गरम पाणी वरून बाहेर.
२. बंबाच्या डोक्यावरून वेंट पाइप काढा. तो पाण्याच्या टाकीच्या वरच्या कडेपेक्षा दोन-तीन फूट उंच न्या. तोंड खाली वळवा, पण कुणाच्या अंगावर पाणी पडणार नाही अशा जागी.
३. वेंटला व्हॉल्व्ह, बूच, काहीही लावायचं नाही.
४. बंबाजवळचे पाच-सहा फूट आणि वेंट जीआयचा, पुढे सीपीव्हीसी. साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो.
५. टाकीत पाणी नसेल तर बंब पेटवायचा नाही. हे घरातल्या सगळ्यांना सांगून या.

माझी चूक

सुरुवातीला मी कोटेशनमध्ये वेंट पाइप वेगळा दाखवायचो. एका गिऱ्हाइकाने घासाघीस करत नेमका तोच कमी करायला लावला, आणि मीही ऑर्डर जाईल म्हणून गप्प बसलो. आठवड्याभरात बंबाचा सांधा सुटला. आंघोळीची वेळ टळली होती, म्हणून कुणी भाजलं नाही. बंब मी पदरच्या पैशाने बदलून दिला.

तेव्हापासून वेंट माझ्या पॅकेजच्या किमतीतच असतो. भाव मजुरीत कमी करा, सुरक्षेत नाही. वेंट नको म्हणणारं गिऱ्हाईक सोडून द्या. एक ऑर्डर गेली तर दुसरी मिळते, पण गावात नाव गेलं की दुकान चालत नाही.