पूर ओसरतो, पुढचे वर्ष उरते

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा येतो. आडव्या झालेल्या नारळी-पोफळी, उडालेली छपरे, किनाऱ्यावर आपटलेल्या होड्या. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन, मुरूड, दापोलीवरून गेले तेव्हा महाराष्ट्राने हेच चित्र पाहिले. पण त्याच वर्षी, तीन महिन्यांच्या आत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या झाडीपट्टीतही एक वादळ येऊन गेले. त्याला नाव नव्हते आणि आरमोरीपर्यंत पोचताना त्याच्यात वाराही उरला नव्हता. ते आले वैनगंगेच्या पाण्यातून.

ऑगस्टच्या अखेरीस बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून मध्य प्रदेशात शिरला. २८ आणि २९ ऑगस्टला तिकडे धो धो पाऊस कोसळला. वैनगंगा उगम पावते ती मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात. तिथले संजय सरोवर भरले, पाणी सोडावे लागले. बालाघाट, गोंदिया, भंडारा करीत ते गोसीखुर्द धरणाशी आले आणि धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले गेले. खाली एका काठावर ब्रह्मपुरी तालुका, दुसऱ्या काठावर देसाईगंज आणि आरमोरी. मोठी नदी फुगली की तिला मिळणाऱ्या गाढवीसारख्या लहान नद्यांना वाट मिळत नाही, त्या उलट्या शिवारात पसरतात. आरमोरीकडून ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडे जाणारे रस्ते बंद पडले. चहूबाजूंनी नदीचा वेढा असलेल्या लाडजसारख्या गावातून माणसे बाहेर काढावी लागली. गणपतीचे दिवस होते. १ सप्टेंबरला विसर्जन होते आणि त्याआधीच पाणी गावात येऊन उभे राहिले होते.

बचावाच्या बोटी, छतावरची माणसे, मंत्र्यांचे दौरे ही छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. मग पाणी उतरले आणि छायाचित्रेही थांबली. साध्या माणसाचे खरे काम मात्र तिथून पुढे सुरू होते.

पहिले काम घराचे. इकडची जुनी घरे मातीच्या भिंतींची आणि कवेलूंची. पाणी असेपर्यंत अशी भिंत उभी दिसते. पाणी ओसरले, ऊन पडले की ती बसते. म्हणून जाणती माणसे लगेच घरात निजत नाहीत. आधी भिंतीला आतून बल्ल्यांचा टेकू, मग चिखल काढणे, मग चूल. ओल्या घरात नाग, मण्यार कोपरा धरून बसलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पेटी, प्रत्येक गोधडी काठीने हलवून मगच हात घालायचा. विहिरीत ब्लिचिंग पावडर पडेपर्यंत पाणी उकळून प्यायचे. दोरीवर कपड्यांच्या शेजारी वाळत असतात आधारकार्ड, बँकेचे पासबुक आणि सातबारा. पुढची मदत त्या कागदांवरच अवलंबून असते, हे घरातल्या बाईला पक्के ठाऊक असते.

दुसरे काम धान्याचे. ढोलीत खालच्या थरातले धान भिजलेले असते आणि दोन दिवसांत त्याला मोड येऊ लागतात. ते तसेच ठेवले तर वरचेही जाते. म्हणून ढोली रिकामी करायची, कोरडे वेगळे, ओले वेगळे. ओलसर डांबरी रस्त्यावर पसरायचे. वाळण्याची आशा नसेल ते उकडून उसना तांदूळ करायचा. जे माणसाच्या कामाचे राहिले नाही ते कोंबड्यांना. जनावरांची गोष्ट याहून अवघड. तणसाचे ढीग कुजले की बैलाला घालायचे काय? जंगल जवळ असलेली गावे निभावून नेतात. जिथे ते दूर आहे, तिथे जनावर विकायचा विचार याच आठवड्यात पहिल्यांदा मनात येतो.

तिसरे काम शेताचे, आणि इथे दिनदर्शिका आडवी येते. झाडीपट्टीत धानाची रोवणी जुलै-ऑगस्टात होते. पूर आला तो रोवणी आटोपून, खत घालून, उसनवारीचे सगळे पैसे बांध्यांत उतरल्यानंतर. धान हे पाण्यातले पीक असले तरी त्यालाही श्वास लागतो. पूर्ण बुडालेले रोप काही दिवस तग धरते. पानांवर गाळ बसला तर तेही नाही. पुन्हा पऱ्हे टाकून रोवायला सप्टेंबरात वेळ उरलेला नसतो. मग शेतकरी काय करतो? ओल आहे, गाळ आहे, तर लाखोळी, जवस, हरभरा लवकर टाकता येईल का ते पाहतो. बियाणे शेजाऱ्याकडून आणतो, पैसे नंतर. नदीकाठचे लोक उन्हाळ्यात रेतीत डांगरवाड्या लावतात. टरबूज, काकडी पिकवतात. नदीने नेले त्यातले थोडे नदीकडूनच परत घ्यायची ही जुनी रीत.

तग धरण्याचे हे शहाणपण खरोखर मोठे आहे. इथले कुटुंब एका पायावर उभे नसते. थोडे शेत, थोडे जंगल, थोडे पाणी असा त्याचा संसार असतो. मोहफुले, तेंदूपत्ता, बोडीतले मासे. आरमोरीकडच्या ढिवर कुटुंबांना ऐनाच्या झाडांवर पोसलेला कोसा. पूर बांध्यांत शिरतो, पण ऐनाच्या जंगलात चढत नाही, आणि म्हणून एखाद्या घरी धान बुडाले तरी कोशाचे चार पैसे येतात. संकटात पहिला डोंगा घालतो तोही बहुधा ढिवरच.

पण इथेच थोडे थांबायला हवे. या शहाणपणाचे कौतुक करून आपण मोकळे होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहत नाही.

पूर ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येऊन पंचनामा करतात. त्यात काय असते? सातबाऱ्यावरचे नाव, क्षेत्र, पीक, पडलेले घर, मेलेले जनावर. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने पीकनुकसानीसाठी हेक्टरी १० हजार रुपये, २ हेक्टरांच्या मर्यादेत जाहीर केले. केंद्राच्या निकषातील ६,८०० रुपयांपेक्षा ते जास्त होते. तरीही हिशेब करून पाहा. दोन एकर म्हणजे सुमारे पाऊण हेक्टर; हाती येणार आठ हजार. त्यात नांगरणी, खत आणि रोवणीची मजुरी बसवायची.

आणि हे झाले ज्यांचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यांचे. ज्याने दुसऱ्याचे शेत ठेक्याने किंवा बटईने केले, त्याचे पीक बुडते, मदत मात्र मालकाच्या खात्यावर जाते. ज्याच्या वनजमिनीचा दावा अजून मंजूर झालेला नाही, त्याचे शेत कागदावर शेतच नसते. जी बाई रोवणीच्या मजुरीवर आणि नोव्हेंबरातल्या कापणीवर वर्षाचे मीठ-मिरची भागवते, तिची कापणी बुडाली. पण बुडालेल्या मजुरीचा रकाना पंचनाम्यात नसतो. मच्छीमार संस्थेने पावसाळ्यात तलावात मत्स्यबीज सोडलेले असते. पाळ फुटली की ते नदीला जाते, आणि वाहून गेलेला मासा मोजून दाखवायचा कसा?

ही माणसेही तग धरतात. कशी, तेही सांगायला हवे. बचत गटातून कर्ज उचलतात. बैलजोडीतला एक बैल विकतात आणि पुढच्या वर्षी नांगरणी भाड्याने करतात. हिवाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्याच २०२० सालच्या टाळेबंदीत असेच मजूर तिकडे अडकले होते आणि अनेक जण पायी घराकडे निघाले होते. तरीही पुन्हा जावेच लागते. आईवडील गेले की पोरे एकतर त्यांच्याबरोबर जातात किंवा आजीजवळ राहतात, आणि शाळा सुटते ती कुणाच्या नोंदीत न येता. पुराची खरी थकबाकी अशी पुढच्या वर्षावर टाकलेली असते.

मग उपाय नाहीत का? आहेत, आणि काही अगदी जवळचे आहेत. पुराखाली दोन आठवड्यांपर्यंत टिकणारे धान आता उपलब्ध आहे. ओडिशातल्या एका जुन्या देशी वाणातला गुण ‘स्वर्णा’ या लोकप्रिय धानात उतरवून ‘स्वर्णा सब-१’ तयार झाले आणि २००९ साली ते भारतात प्रसारित झाले. धानाचे वाण निवडणे झाडीपट्टीला नवे नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात लोंब्या निवडून ‘एचएमटी’ धान घडवले, ते देशभर गेले. नदीकाठच्या खोलगट बांध्यांपुरते पूर सोसणारे बियाणे वेळेवर मिळाले तरी चित्र बदलेल. धरणातून पाणी सोडण्याची सूचना राज्याची हद्द ओलांडून काही तास आधी काठावर पोचली, तर निदान ढोलीतले धान आणि दावणीची जनावरे वर नेता येतील. आणि दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी देणाऱ्या महाराष्ट्राला, पुरानंतर फुटलेल्या पाळी बांधायला आणि बांध्यांतला गाळ काढायला त्याच गावच्या हातांना काम देणे अशक्य नाही. कापणी बुडालेल्या बाईला त्याचा सर्वांत आधी उपयोग होईल.

आपण शहरातली माणसेही मदत करतो. पहिल्या आठवड्यात कपडे, बिस्किटे, चादरी पाठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या वेळी गावात शेजारी शेजाऱ्याला जेवू घालत असतो. तंगी सुरू होते ती दिवाळीच्या सुमारास, आणि कळस गाठते तो पुढच्या जूनमध्ये, बियाण्याची पिशवी विकत घ्यायच्या वेळी. त्या वर्षी अधिक महिना आल्याने दिवाळी १४ नोव्हेंबरला होती. पुराला अडीच महिने होऊन गेले होते आणि बातमी जुनी झाली होती. यापुढे कुठल्याही नदीकाठाला मदत पाठवायची असेल, तर तिच्यातला अर्धा वाटा जूनसाठी राखून ठेवावा. तोवर रस्ते सुरू झालेले असतील, भिंती सारवलेल्या असतील, पाहुण्याला सगळे ठीक वाटेल. पण जोडीतला दुसरा बैल दावणीला आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.