व्हीआर सिम्युलेटरसाठी पीसी जुळवताना

तारोडी, डोंगरी, उत्तन भागातलं कुणी व्हीआर सिम्युलेटरसाठी पीसी जुळवत असेल, तर लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी हे वाचा.

क्वेस्ट ३ या व्हीआर हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ × २२०८ पिक्सेल असतात. ९० हर्ट्झला एक फ्रेम साधारण ११ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. ती चुकली की चित्र अडखळतं आणि डोकं गरगरायला लागतं. म्हणून बजेटचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्या. जमलं तर १६ जीबीचंच घ्या.

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मात्र गाडी बरेचदा प्रोसेसरपाशी अडते, कारण बराचसा भार एकाच थ्रेडवर येतो. तिथे जास्त कोअरपेक्षा मोठी कॅश कामी येते. रायझन ७ ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे; माझी पसंती त्यालाच. रॅम ३२ जीबी, १६-१६ च्या दोन स्टिक.

क्वेस्टला डिस्प्लेपोर्ट नाही, चित्र कॉम्प्रेस होऊन यूएसबी किंवा वाय-फायने जातं. वायरलेस खेळायचं असेल तर राउटर पीसीला लॅन केबलने जोडा.

आणि आपली खारी हवा विसरू नका! कनेक्टर गंजतात. कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीपासून लांब ठेवा, पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू करा.

कुणाला पार्ट्सची यादी तपासून हवी असेल तर कमेंटमध्ये टाका, नक्की बघतो.