कोटणीस, द्वारकानाथ शांताराम
(१० ऑक्टोबर १९१०–९ डिसेंबर १९४२). चीन-जपान युद्धात (१९३७–४५) चिनी सेनेच्या आघाडीवर काम करणारे भारतीय शल्यचिकित्सक. जन्म सोलापूर येथे. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. पुढील पदव्युत्तर परीक्षेची तयारी चालू असतानाच चीनला जाणाऱ्या वैद्यकीय पथकासाठी त्यांनी अर्ज केला.

जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केल्यानंतर आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू-तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने निधी जमविण्यात येऊन पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. स्पेनच्या यादवी युद्धाचा अनुभव असलेले अलाहाबादचे मदन अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी आणि सर्वांत तरुणांपैकी एक असे कोटणीस, हे इतर सदस्य. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघाले. कँटन, हँकाऊ असा प्रवास करीत ते चुंगकिंगला पोहोचले. तेथे कोटणीसांना वडिलांच्या निधनाचे वृत्त समजले. घरी परतण्याची मोकळीक असूनही ते परतले नाहीत. चिनी मित्रांनी पथकातील प्रत्येकाच्या नावाला चीनवाचक ‘हुआ’ हे अक्षर जोडले होते. त्यानुसार कोटणीस हे ‘के दी-हुआ’ झाले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. त्याच वर्षी चोळकर व मुखर्जी मायदेशी परतले. उरलेले तिघे पूर्वेकडील आघाडीवर निघाले; तथापि प्रकृती बिघडल्यामुळे अटल यांनाही परतावे लागले. कोटणीस व बसू १९४० मध्ये जपानी फळीच्या पिछाडीस असलेल्या शान्सी-चाहार-होपे या डोंगराळ सीमाप्रदेशात पोहोचले. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांचे हे कार्यक्षेत्र होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन बेथ्यून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी मरण पावले होते. शल्यचिकित्सकाला तेथे शत्रूच्या गोळीइतकेच स्वतःच्या चाकूचेही भय होते, हे या घटनेवरून ध्यानात येते.

कोटणीसांच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी युद्धातील जखमेचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. गोळीने वा तोफगोळ्याच्या तुकड्याने झालेल्या जखमेत माती, कपड्यांच्या चिंध्या आणि निर्जीव झालेले ऊतक अडकून राहते. पहिल्या सहा ते आठ तासांत हा निर्जीव भाग कापून जखम स्वच्छ केली, तर अवयव व बहुधा प्राणही वाचतो. उशीर झाल्यास जंतुसंसर्ग पसरतो. पेनिसिलीन रणभूमीवर पोहोचण्यापूर्वीचा हा काळ होता. शिवाय नाकेबंदीमुळे भूल देण्याची द्रव्ये, जंतुनाशके व मलमपट्टीचे साहित्य यांचाही तुटवडा असे. जखमींना डोंगरवाटांनी, डोलीवरून, शेतकरी वाहून आणीत. अशा स्थितीत जखमी रुग्णालयात येण्याची वाट पाहणे म्हणजे त्याला मरू देणेच होय. म्हणून शल्यचिकित्सकाने लढाईच्या जवळ जाऊन एखाद्या घरात किंवा देवळात शस्त्रक्रियेचे मेज मांडायचे आणि शत्रू सरकला की खेचरांवर सामान लादून पुढे निघायचे, ही बेथ्यून यांची पद्धत कोटणीसांनी चालू ठेवली.

१९४० च्या उत्तरार्धातील ‘शंभर पलटणींच्या मोहिमे’त या पद्धतीची कसोटी लागली. चिनी वृत्तांतांप्रमाणे तेरा दिवसांच्या लढाईत कोटणीसांच्या पथकाकडे सुमारे ८०० जखमी आले व त्यांपैकी ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. म्हणजे दिवसाला सरासरी चाळीसहून अधिक. त्यांच्या धैर्याचे हे सर्वांत मोठे प्रमाण होय. एखाद्या क्षणाच्या साहसापेक्षा झोपेवाचून, पुरेशा साधनांवाचून दिवसेंदिवस टिकलेला हा निग्रह अधिक दुर्मिळ आहे.

पुढे बसू येनानला परतले, कोटणीस मात्र तेथेच राहिले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. जपानी सैन्याच्या धाडींमुळे हे रुग्णालय खेड्यांतील घरांतून विखुरलेले असे आणि धाडीची वार्ता येताच रुग्णांसह हलवावे लागे. वैद्यक विद्यालयात ते शल्यचिकित्सा चिनी भाषेतून शिकवीत. हातात पुस्तके नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शल्यचिकित्सेच्या सामान्य तत्त्वांवर पाठ्यपुस्तक लिहिले. त्याचा पुढील भाग अपुरा राहिला. १९४१ मध्ये परिचर्याशास्त्राच्या अध्यापिका कुओ छिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव भारत (यिन) व चीन (हुआ) यांवरून यिन-हुआ असे ठेवण्यात आले. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले.

अतिश्रम व अपुरा आहार यांनी त्यांची प्रकृती खालावली होती. अपस्माराचे झटके येऊ लागल्यावर उपचारासाठी आघाडीपासून दूर जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. अखेर अशाच झटक्यांमुळे होपे प्रांतात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. माओ त्से-तुंग यांनी शोकसंदेश लिहून त्यांचा गौरव केला. त्यांची समाधी पुढे शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत हलविण्यात आली. बेथ्यून यांची समाधीही तेथेच आहे.

ख्वाजा अहमद अब्बास यांचे चरित्रपर पुस्तक (१९४४) व त्यावरील व्ही. शांताराम यांचा डॉ. कोटनीस की अमर कहानी (१९४६) हा हिंदी चित्रपट यांनी त्यांचे नाव भारतभर पोहोचविले. चित्रपटात साथीच्या रोगाशी दिलेल्या झुंजीला जे प्राधान्य मिळाले आहे, त्याला वास्तवाचा आधार नाही. त्यांचे खरे कार्य जखमींच्या शुश्रूषेचे व अध्यापनाचे होते. त्यांचा मुलगा वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये मरण पावला. पत्नीचे निधन २०१२ मध्ये झाले. चीनने १९८२ मध्ये व भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारकात रूपांतर करण्यात आले आहे.