वारीस निघण्यापूर्वीं घरांतील यंत्रांची तजवीज

ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेविते. श्रीतुकाराम महाराजांची पालखी आदल्याच दिवशीं देहूहून निघालेली असते. आषाढ शुद्ध दशमीस दोन्ही पालख्या पंढरीस पोंचतात. पायीं जाणाऱ्या वारकऱ्याचे, घर सोडल्यापासून परत येईपर्यंत, तीन आठवडे ते एक महिना सहज जातात. पेरणी आटोपून निघणारा शेतकरी गुरांचा चारा, सालगड्याचा शिधा, राखण या गोष्टींचा विचार पुष्कळ अगोदर करितो. परंतु घरांत जीं यंत्रें आलीं आहेत त्यांची व्यवस्था मात्र निघण्याच्या पहाटे घाईघाईनें होते. मेन स्विच पाडला, दारास कुलूप लावलें, कीं काम झालें अशी समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे, आणि कांहीं बाबतींत नुकसान करणारी आहे. कोणत्या यंत्रास रिकामें पडलें असतां कशापासून भय असतें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

विजेचीं लहान यंत्रें.— वारीचा काळ बहुधा मृग-आर्द्रांचा, म्हणजे गडगडाटाचा व वीज वारंवार जाण्यायेण्याचा असतो. जवळपास वीज पडली असतां तिचा धक्का तारांवाटे घरांत शिरतो. भिंतीवरील साधें बटण दोन तारांपैकीं एकच तोडतें. दुसरी जोडलेलीच राहते, आणि बटणांतील बारीक फट ओलांडणें त्या धक्क्यास अवघड नसतें. याकरितां टीव्ही, मिक्सर, घरघंटी, मोबाईलचा चार्जर यांचीं नुसतीं बटणें बंद करून थांबूं नये. प्लगच काढून ठेवावे. छपरावरील डिशपासून टीव्हीस येणारी तारही सोडवावी. घरघंटींतील पीठ ब्रशानें झाडून काढावें. पावसाळी हवेंत त्यास बुरशी व किडे लागतात. वीजबिल वांचावें म्हणून हें सर्व करावें, असें आमचें म्हणणें नाहीं. नुसतें उभें राहून 5 वॅट खाणारें यंत्र 21 दिवसांत जेमतेम अडीच युनिट जाळतें. खरा प्रश्न यंत्र जळण्याचा व त्यापासून घरास आग लागण्याचा आहे.

इन्व्हर्टर.— मेन स्विच पाडण्यानें सर्वांत अधिक घात होतो तो येथें. मेन बंद होतांच इन्व्हर्टरास वाटतें कीं बाहेरची वीज गेली, व तो बॅटरींतून घरास वीज पुरवूं लागतो. एखादा दिवा किंवा पंखा चालू राहिला असेल तर बॅटरी पार रिकामी होते. शिशाची बॅटरी रिकाम्या स्थितींत आठवडेच्या आठवडे पडून राहिली म्हणजे तिच्या पत्र्यांवर सल्फेटाचा कठीण थर बसतो, आणि मग ती पूर्ववत् भरत नाहीं. शिवाय मेन पाडलेला पाहून कोणी निर्धास्तपणें तारेस हात घातला, तर तीं तार जिवंत असूं शकते. म्हणून दोन दिवस अगोदर बॅटरीत खुणेपर्यंत शुद्ध केलेलें पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर घालावें. खुणेवर घालूं नये. नंतर ती पूर्ण भरूं द्यावी. निघतांना प्रथम इन्व्हर्टरचें स्वतःचें बटण बंद करावें, मग मेन पाडावा. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी महिनाभर स्वस्थ राहिली तरी बिघडत नाहीं.

फ्रिज.— घर सर्वस्वीं बंद राहणार असेल तर फ्रिज रिकामा करणेंच बरें. आदल्या दिवशीं दूधदुभतें संपवावें किंवा शेजारीं द्यावें. प्लग काढून बर्फ वितळूं द्यावा, आंतील भाग कोरडा पुसावा, व दाराच्या फटींत कापडाची घडी अडकवून तें किंचित् उघडें ठेवावें. बंद फ्रिजचें दार लावून ठेवल्यास थोड्याच दिवसांत आंत बुरशी धरते. घरीं वडील माणसें राहत असतील तर फ्रिज चालू ठेवावा. परंतु वीज गेल्यावर न उघडलेल्या फ्रिजांतील दूध व शिजविलेलें अन्न सुमारें चार तासच विश्वासपात्र राहतें, हें त्यांस सांगून ठेवावें. बिघडलेलें अन्न चवीवरून नेहमीं ओळखूं येतेंच असें नाहीं.

पाण्याचीं यंत्रें.— उन्हाळ्यांत वापरलेला कूलर पाण्यासह तसाच सोडून जाणें म्हणजे गांवास डेंग्यूची देणगी देणें होय. एडिस जातीच्या डासास अंड्यापासून उडूं लागण्यास उष्ण हवेंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे मालक पंढरीस पोंचण्यापूर्वींच डासांची एक पिढी बाहेर पडते. हीं अंडीं टाकीच्या भिंतीस चिकटतात व कोरड्या स्थितींतही कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून टाकणें पुरेसें नाहीं. टाकी घांसून कोरडी करावी. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची टाकी रिती करावी. कपडे धुण्याच्या यंत्राचा नळ बंद करून झांकण उघडें ठेवावें. छपरावरील टाकीचें झांकण मात्र घट्ट लावावें.

गॅस.— स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां सुमारें दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळें गळला असतां जमिनीलगत साचतो. केवळ शेगडीचें बटण बंद करून जाऊं नये. रेग्युलेटर बंद करून टाकीवरून काढावा व तिच्या तोंडावर सुरक्षेची टोपी बसवावी. उंदीर रबराची नळी कुरतडतात. परत आल्यावर ती पाहिल्याशिवाय शेगडी पेटवूं नये.

विहिरीवरील पंप.— पंपास वीज येतांच आपोआप चालू करणारा ऑटो स्विच असल्यास तो न विसरतां बंद करावा. पाणी खालीं गेलें असतां कोरडा फिरणारा पंप जळण्यास वेळ लागत नाहीं, आणि त्या वेळीं आवाज ऐकणारें तेथें कोणीच नसतें. स्टार्टरच्या पेटीस भोक असेल तर बुजवावें. पाली व मुंग्या आंत शिरून बिघाड करितात.

परत आल्यावर.— बहुतेक मंडळी रात्रीं थकून घरीं पोंचतात, व दार उघडतांच हात दिव्याच्या बटणाकडे जातो. तो आवरावा. आधीं वास घ्यावा. गॅसचा उग्र वास आला तर कोणतेंही बटण चालू किंवा बंद करूं नये, काडी ओढूं नये; दारेंखिडक्या उघडून सर्वांनीं बाहेर जावें व बाहेरूनच 1906 या तक्रार-क्रमांकावर कळवावें. वास नसेल तर प्रथम उंदरांनीं तारा कुरतडल्या आहेत काय हें हातबत्तीनें पाहावें, मग मेन, मग इन्व्हर्टर, आणि शेवटीं फ्रिज चालू करावा. शुद्ध पाण्याच्या यंत्राची पहिली टाकी भरून ओतून द्यावी.

हीं कामें दोन दिवसांत वांटून घेतल्यास निघण्याच्या दिवशीं घाई होत नाहीं. ज्याच्या हातीं घराची किल्ली देणार त्यास निघण्यापूर्वीं घरांत नेऊन मेन स्विच कोठें आहे, इन्व्हर्टर कोणत्या क्रमानें बंद होतो व गॅसची टाकी कोठें आहे, हें प्रत्यक्ष दाखवावें. जळलेलें यंत्र पुन्हां विकत घेतां येतें. परंतु आपल्या घराची राखण करणाऱ्या शेजाऱ्यास इजा झाली तर ती भरून देतां येत नाहीं.