ध्वनिमुद्रिकेचा पूर्वप्रवर्धक : अल्प खरखरीसाठी घटकांची निवड

दिल्लीच्या लाल किल्ल्यासमोर लजपतराय मार्केट ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मोठी बाजारपेठ आहे. तेथून थोड्याच अंतरावर, जामा मशिदीच्या परिसरात, जुन्या ध्वनिमुद्रिका विकत मिळतात. ह्या दोन बाजारांची सांगड घालणारे एक उपकरण हौशी माणसास घरच्या घरी बनविता येते. ते म्हणजे तबकडीवरील सुईकडून येणारा क्षीण विद्युत्‌संकेत मोठा करणारा पूर्वप्रवर्धक होय. त्याची जोडणी फारशी अवघड नाही. परंतु घटक चुकीचे निवडले, तर गायकाच्या मंद स्वराबरोबर खरखर आणि घुमघुमही तितकीच मोठी होऊन कानी पडते. म्हणून कोणता घटक कोठे व का वापरावा, हे आधी समजून घेणे इष्ट आहे.

संकेत किती लहान असतो

सुईची हालचाल विजेत रूपांतरित करणाऱ्या भागास कार्ट्रिज म्हणतात. चल-चुंबक जातीच्या कार्ट्रिजमधून १,००० हर्ट्झच्या स्वरास साधारणपणे ५ मिलिव्होल्ट मिळतात. चल-कुंडल जातीतून ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टच. पहिल्या जातीचा संकेत सुमारे शंभरपट केल्यावर तो नेहमीच्या प्रवर्धकास पुरेसा होतो.

पूर्वप्रवर्धकास आणखी एक काम करावे लागते. तबकडी कोरताना खालचे स्वर दाबलेले व वरचे स्वर उचललेले असतात. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ साली ह्याचे प्रमाण ठरविले, आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले. वाजविताना नेमके उलट करावे लागते. त्यामुळे ५० हर्ट्झचा स्वर १,००० हर्ट्झच्या स्वरापेक्षा सुमारे सातपट अधिक वाढविला जातो. आपल्या घरातील विजेची वारंवारताही ५० हर्ट्झच आहे! बाहेरून शिरलेली थोडीशी घुमघुम येथे बलवान का होते, ह्याचे कारण हेच.

खरखरीचा उगम

कोणत्याही रोधकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत अस्ताव्यस्त हालत असतात, आणि त्यामुळे त्याच्या टोकांवर अल्प, अनियमित विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन ह्यांनी तो मोजला, नायक्विस्ट ह्यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. हा दाब रोधाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. श्रवणाच्या २०,००० हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात १ किलोओहमचा रोधक सुमारे ०.५८ मायक्रोव्होल्ट, १० किलोओहमचा १.८, तर २२० ओहमचा केवळ ०.२७ मायक्रोव्होल्ट खरखर देतो.

तापमानाचा परिणाम मात्र अल्प असतो. दिल्लीच्या हिवाळ्यातील ५ अंशांवरून उन्हाळ्यातील ४५ अंशांवर गेले, तरी ही खरखर सुमारे सात टक्केच वाढते. कानाला तो फरक जाणवत नाही.

रोधक

कार्ट्रिजच्या वेटोळ्याचा रोध बहुधा १ किलोओहमच्या आसपास असतो, म्हणून त्याची ०.५८ मायक्रोव्होल्ट खरखर टाळता येत नाही. प्रश्न एवढाच की आपण तीत किती भर घालतो. निरनिराळ्या उगमांची खरखर सरळ बेरजेने वाढत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते. प्रत्याभरण मंडलात भूमीकडे जाणारा रोधक २२० ओहमचा ठेवला, तर एकूण खरखर ०.६४ मायक्रोव्होल्ट होते, म्हणजे एक दशांशाने वाढते. त्याच जागी १० किलोओहमचा रोधक घातला, तर ती १.९, म्हणजे तिपटीहून अधिक होते.

ह्याखेरीज, रोधकातून स्थिर प्रवाह वाहत असता कार्बनच्या जुन्या रोधकांत आणखी एक जादा खरखर उत्पन्न होते. धातूच्या पातळ थराच्या रोधकांत ती फारच कमी असते. म्हणून दुकानात ‘मेटल फिल्म, एक टक्का’ असेच मागावे.

आयसीची निवड

येथे एक चूक वारंवार होते. माहितीपत्रकात ज्या आयसीचा खरखर-दाब सर्वांत कमी, ती सर्वांत चांगली असे समजले जाते. परंतु प्रत्येक आयसीला खरखर-दाबाबरोबर खरखर-प्रवाहही असतो, आणि हा प्रवाह कार्ट्रिजमधून वाहून नवा दाब निर्माण करतो. चल-चुंबक कार्ट्रिजचे प्रवर्तन अर्ध्या हेन्रीच्या आसपास असते. ४७ किलोओहमचा नेहमीचा भार जोडल्यावर १०,००० हर्ट्झला त्याचा एकूण अवरोध सुमारे २६ किलोओहम होतो.

आता १ हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात तीन आयसींची तुलना करावी. टीएल०७२ चा खरखर-दाब १८ नॅनोव्होल्ट आहे, प्रवाह नगण्य. एनई५५३४ए चा दाब ३.५ नॅनोव्होल्ट व प्रवाह ०.४ पिकोअँपिअर. एडी७९७ चा दाब अवघा ०.९ नॅनोव्होल्ट, पण प्रवाह २ पिकोअँपिअर. २६ किलोओहमने गुणले असता एनई५५३४ए चा प्रवाह सुमारे १० नॅनोव्होल्ट देतो, तर एडी७९७ चा ५२! ४७ किलोओहमच्या रोधकाचा स्वतःचा वाटा तेथे सुमारे १५ नॅनोव्होल्ट असतो. म्हणजे वरच्या स्वरांत महागडी आयसीच अधिक खरखर करते. चल-चुंबकासाठी ह्या तिघींत एनई५५३४ए सरस ठरते. एडी७९७ शोभते ती काही ओहमांच्या चल-कुंडलापाशी.

संधारित्र आणि वीजपुरवठा

बाजारात ज्याला कंडेन्सर म्हणतात, ते संधारित्र स्वरांचा तोल सांभाळतात. अधिक धारकतेच्या सिरॅमिक संधारित्रांची धारकता दाबाबरोबर बदलते, व त्यांना टिचकी मारली तरी विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. म्हणून तोल राखणाऱ्या मंडलात पॉलिप्रॉपिलीनचे संधारित्र घालावेत. पॉलिस्टायरीनचेही उत्तम, मात्र डाग देताना ते उष्णतेने मऊ पडतात.

वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक संधारित्रांचे आयुष्य प्रत्येक १० अंश तापमानवाढीस ढोबळमानाने निम्मे होते. दिल्लीचा उन्हाळा ध्यानी घेता ८५ अंशांऐवजी १०५ अंशांची खूण असलेले घ्यावेत. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत, हातभर दूर ठेवावा. अॅल्युमिनियमची पेटी ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र अडवीत नाही. त्यासाठी लोखंडी पत्रा हवा. भूमीच्या सर्व तारा एकाच बिंदूशी जोडाव्यात.

खरेदीतील पारख

सुट्या भागांच्या बाजारांत जगभर नाव बदलून छापलेल्या आयसी आढळतात. साध्या मल्टिमीटरने त्यांची पारख होऊ शकते. एनई५५३४ए च्या आदान टोकातून सुमारे अर्धा मायक्रोअँपिअर प्रवाह आत जातो. कार्ट्रिज काढून, आदान टोकापासून भूमीपर्यंत जाणाऱ्या ४७ किलोओहमच्या रोधकावरील स्थिर दाब मोजावा. तो उणे २४ मिलिव्होल्टच्या आसपास आला, तर आयसी खरी असण्याचा संभव मोठा. तो जवळजवळ शून्य असेल, तर आत एफ.ई.टी. जातीची आयसी आहे. उणे तीन-चार मिलिव्होल्टच असेल, तर ती बहुधा जुनी ७४१.

खर्चाचा क्रम ह्यावरून ठरतो. प्रथम योग्य आयसी व लहान मूल्याचे रोधक, मग ट्रान्सफॉर्मरचे अंतर व लोखंडी पेटी, आणि शेवटी उंची संधारित्र. १९५४ पूर्वीच्या तबकड्यांचे प्रमाण वेगवेगळे असल्याने त्यांच्या स्वरांचा तोल निराळा साधावा लागतो. खरखरीचे नियम मात्र त्यांनाही हेच.