पाटाचे पाणी आणि आकाशातले शिकारी

शिकारी पक्षी म्हटला की मनुष्यवस्तीपासून दूर, एखाद्या दुर्गम कड्याच्या माथ्यावर एकाकी बसलेला गरुड आपल्या मनश्चक्षूंपुढे उभा राहतो, आणि सह्याद्रीच्या कातळकड्यांत घरटी करणाऱ्या शाहीन ससाण्याकडे पाहिले असता ही कल्पना सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येत नाही. परंतु हिवाळ्याच्या दिवसांत जो कोणी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडच्या पठारावर जाईल, आणि तेथून जेजुरी, मोरगाव, सुपे, बारामती या वाटेने भीमेच्या काठापर्यंत पोचेल, त्याला गरुड, ससाणे, घारी आणि घुबडे यांचा जो समुदाय आढळेल तो बहुतांशी नांगरलेल्या शेतांवर, विजेच्या तारांवर, धरणाच्या फुगवट्यावर आणि गावाबाहेरच्या उकिरड्यांवर पोसलेला असेल. मनुष्याने स्वतःच्या सोयीसाठी या मुलुखाचे रूप पालटले, आणि त्या पालटात या पक्ष्यांच्याही पदरात काहीएक पडले. ते काय पडले, कोणत्या मार्गाने पडले आणि कितपत भरवशाचे आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग पर्जन्यछायेतला. बाजरी, ज्वारी आणि मेंढरांची कुरणे हेच त्याचे पूर्वापार वैभव होते. १८८५च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी वाहू लागले, पुढे भाटघरच्या धरणाने त्याला बळ दिले, १९३०च्या दशकात वालचंदनगरी साखर कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांनी बागायतीचा विस्तार केला. परिणामी जिरायत माळाच्या ठिकाणी उसाचे फड उभे राहिले. उसाचे पीक वर्ष-दीड वर्ष जमिनीवर उभे असते. त्याच्या दाट सावलीत ओलावा असतो, पाचटाचे आच्छादन असते, आणि गोड कांडी तर बारमाही हाताशी असते. उंदीर आणि घुशी यांना याहून सुरक्षित आश्रय दुसरा कोणता मिळणार! कालव्याच्या पाण्याने ऊस पिकवला, उसाने उंदीर वाढवला, आणि उंदराने त्याच्या भक्षकाला निमंत्रण दिले.

या निमंत्रणाचा सर्वांत डोळ्यांत भरणारा मानकरी म्हणजे कापशी घार. पांढऱ्या-करड्या अंगाचा, खांद्यावर काळा पट्टा आणि लाल डोळे असलेला हा चिमुकला शिकारी पंख फडफडवीत हवेत एका जागी स्थिर राहतो, खाली नजर रोखतो आणि पाय लोंबते सोडून टप्प्याटप्प्याने उतरत उंदरावर झडप घालतो. असे स्थिर उडणे अतिशय कष्टाचे असल्यामुळे त्याला बसून टेहळणी करता येईल अशी उंच जागा फार मोलाची वाटते. पूर्वी ती बांधावरच्या बाभळीने पुरवली. आता विजेच्या खांबांनी आणि तारांनी ती मैलोगणती उपलब्ध करून दिली आहे. भक्ष्य विपुल असेल तर कापशी वर्षाच्या बहुतेक महिन्यांत वीण करू शकते, आणि म्हणून उंदरांची संख्या वाढली की तिची संख्याही थोड्याच काळात वाढते. गळिताच्या हंगामात तोडणीची टोळी फडात शिरली की आडोसा हरपलेले उंदीर सैरावैरा पळू लागतात, आणि त्या वेळी फडाच्या कडेला कापशी व घारी हजर असतात.

दिवसाचा अंमल कापशीकडे, तर रात्रीचा घुबडांकडे. गव्हाणी घुबड जुन्या वाड्यांच्या माळवदांत, देवळांच्या शिखरांत आणि पडक्या विहिरींच्या कोनाड्यांत राहते, म्हणजे त्याचे बिऱ्हाडच मुळी मनुष्याने बांधलेले असते. त्याची अंडी एकाच वेळी उबत नाहीत. पिल्ले काही दिवसांच्या अंतराने बाहेर येतात, आणि त्यांतली किती जगतील हे त्या हंगामात किती उंदीर मिळाले यावर ठरते. शृंगी घुबड हे त्याहून मोठे. ओढ्यांचे तुटलेले काठ, खडकांच्या कपारी आणि दगडखाणींच्या सोडून दिलेल्या भिंती येथे ते अंडी घालते. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे कार्यरत असलेल्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे आणि त्यांचे सहकारी डॉ. नीलेश दहाणूकर यांनी या घुबडाने ओकलेल्या गोळ्यांतील हाडे व केस यांवरून त्याच्या आहाराचा शोध घेतला, तेव्हा त्यात उंदीरवर्गीय प्राण्यांचे प्राबल्य आढळले, आणि तेही मुख्यतः पिकांची नासधूस करणाऱ्या जातींचे. ज्या पक्ष्याला अपशकुनी ठरवून आपण दगड मारतो, तो रात्रभर आपल्याच धान्याची राखण करीत असतो, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

पाण्याची कथाही अशीच आहे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, आणि भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या परिसरात भीमेचे पाणी उथळ होऊन दूरवर पसरले. मासे हेच ज्याचे जवळजवळ एकमेव अन्न, तो ऑस्प्रे हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन या जलाशयावर घिरट्या घालू लागला, आणि काठच्या पाणवनस्पतींवरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी बदकांचे थवे उठवीत फिरू लागला.

कचऱ्याचा लाभ घेण्यात मात्र घारीची बरोबरी करणारा पक्षी नाही. मुळा-मुठेच्या काठी, मंडईच्या परिसरात आणि उरुळी देवाचीच्या कचरा डेपोवर तिची जी गर्दी होते, तिच्यात हिवाळ्यात उत्तरेकडच्या पाहुण्या घारीही मिसळतात. दिल्लीत उपग्रहयंत्रे बसवलेल्या अशाच काही घारी हिमालय ओलांडून थेट मध्य आशियात जाताना आढळल्या आहेत. त्याच दिल्लीतील घारींची विलक्षण दाट वस्ती पाहून सोव्हिएत पक्षिशास्त्रज्ञ गालुशिन यांनी १९७१ साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. ग्रामीण भागात कचऱ्याची ही भूमिका कुक्कुटपालनाने स्वीकारली आहे. पुणे जिल्हा या धंद्याचे मोठे केंद्र. शेडबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर घारींबरोबर गरुडही उतरतात.

नांगर आणि अग्नी यांचाही या हिशेबात समावेश केला पाहिजे. ट्रॅक्टरच्या फाळामागे उलथलेल्या ढेकळांतून किडे, सरडे आणि उंदरांची पिल्ले उघडी पडतात, आणि बगळ्यांच्या रांगेवर घारींचे छत्र धरले जाते. पाचट पेटवले, किंवा उन्हाळ्याच्या तोंडी माळावर वणवा लागला, की ज्वाळांपुढे पळणाऱ्या टोळांवर व सरड्यांवर घारी आणि नीलपंख तुटून पडतात.

येथवरचे वर्णन ऐकून मनुष्य हा या पक्ष्यांचा आश्रयदाताच आहे असा समज करून घेणे मात्र धोक्याचे ठरेल. लाभ सर्वांना सारखा मिळालेला नाही. ज्या पक्ष्याचे अन्न या पालटात वाढले आणि जो मनुष्याच्या सान्निध्याला बिचकत नाही, त्यालाच तो मुख्यतः मिळाला. युरोप आणि मध्य आशियातून येणारे पांढुरके भोवत्या व माँटेग्यूचे भोवत्या यांना रात्री जमिनीवर निवाऱ्यासाठी उंच गवताचे विस्तीर्ण माळ लागतात. याच भागातले कडबनवाडी व मयूरेश्वर येथले माळ शिल्लक असले तरी ज्या पाण्याने कापशीला ऊस दिला, त्याच पाण्याने भोवत्या पक्ष्यांचे गवत नाहीसे केले. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले, आणि त्यांची भीती ओसरल्याने तेथे सरड्यांची संख्या वाढली, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. टेहळणीला उपयोगी पडणारा विजेचा खांबही मोठ्या पंखांच्या गरुडाचा पंख एकाच वेळी दोन तारांना टेकला तर प्राणघातक ठरतो.

सर्वांत कठोर धडा गिधाडांचा आहे. मनुष्याने पाळलेल्या जनावरांच्या कलेवरांवर गिधाडे शतकानुशतके जगली, आणि तेच अन्न त्यांचे विष ठरले. गुरांना वेदनाशामक म्हणून देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी २००४ साली सिद्ध केले, आणि २००६ साली भारताने पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी घातली. परंतु तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या शंभरातून एकही उरणार नाही इतकी घटली होती. उंदरांसाठी ठेवलेल्या विषारी आमिषाचेही तेच: विष खाऊन मंदावलेला उंदीर घुबडाच्या आणि कापशीच्या हाती सर्वांत आधी लागतो, आणि काही विषे त्याच्या देहातून पुढे भक्षकाच्या देहात जातात.

अजाणता मिळालेला आश्रय अजाणताच काढून घेतला जातो, हा यातला बोध आहे. म्हणून जे योगायोगाने घडले ते जाणीवपूर्वक घडवून आणण्याची तजवीज केली पाहिजे, आणि ती अवघड नाही. इस्रायलमधील स्दे एलियाहू या सामुदायिक शेतीवसाहतीत १९८३ सालापासून गव्हाणी घुबडांसाठी पेट्या टांगण्यास आरंभ झाला, आणि विषाऐवजी घुबडांवर भिस्त ठेवण्याची ही पद्धती पुढे शेजारच्या जॉर्डनमधील शेतकऱ्यांनीही स्वीकारली. आपल्याकडे हरभऱ्याच्या घाटेअळीसाठी शेतात पक्षीथांबे उभारण्याची शिफारस कृषिशास्त्रज्ञ करतातच. तेच थांबे रात्री घुबडाला उपयोगी पडतात. बांधावरची एखादी जुनी बाभूळ राखणे, पडक्या विहिरीतल्या घुबडाच्या वाटेस न जाणे, पाचट न जाळता जमिनीत कुजवणे, मेलेल्या कोंबड्या व औषधोपचारात दगावलेले जनावर रीतसर पुरणे, आणि गवताळ माळाला महसूल दप्तरात पडीक जमीन म्हणून न मोजता त्याची स्वतंत्र योग्यता मान्य करणे, एवढ्या गोष्टी जरी गावोगावी झाल्या, तरी पुण्याच्या पूर्वेकडील मुलुखात घारीबरोबर गरुड, आणि कापशीबरोबर भोवत्याही टिकून राहील. त्यांचे भवितव्य आपल्या कृतीवर अवलंबून आहे हे आता आपल्याला ठाऊक झाले आहे, आणि ज्याला ठाऊक झाले त्याला जबाबदारी नाकारता येत नाही.