रोषणगाव ते मोझांबिक : आफ्रिका वाचण्याचा एक क्रम

आफ्रिका खंडातले ५४ देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत. यातल्या प्रत्येक देशाचे निदान एक पुस्तक वाचायचे, आणि तेही शक्यतो तिथल्याच लेखकाचे, असा संकल्प जगभरचे वाचक अधूनमधून सोडतात. महिन्याला एक पुस्तक धरले तर तो पुरा व्हायला साडेचार वर्षे लागतात. लंडनच्या अ‍ॅन मॉर्गन यांनी २०१२ साली याहून मोठा घाट घातला होता. वर्षभरात जगातल्या १९६ देशांचे प्रत्येकी एक पुस्तक त्यांनी वाचले. एवढी घाई करण्याचे खरे तर कारण नाही. वर्षात दहा-बारा देश नीट वाचून झाले, तरी ते पुष्कळ.

सुरुवात कोणत्या देशापासून करावी? बहुतेक याद्या नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’पासून सुरू होतात. कादंबरी थोरच आहे. पण जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या वाचकाने हाच क्रम का पाळावा? त्याच्या तालुक्यातून आफ्रिकेकडे जाणाऱ्या दोन वाटा आधीपासूनच आहेत. एक इतिहासाची, दुसरी शेतीची.

इतिहासाची वाट रोषणगावातून निघते. बदनापूर तालुक्यातल्या या गावाच्या परिसरात १६१६ साली निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर आणि शाहनवाज खानाची मोगल फौज यांची लढाई झाली. अंबर हरला आणि मोगलांनी त्याची राजधानी खडकी लुटली. खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा अरबस्तान आणि बगदादमार्गे दख्खनेत आला. अहमदनगरचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. तोही मूळचा हबशी गुलामच. पुढे अंबरने शहर वसवले, त्याला नहरीने पाणी दिले, जमीन महसुलाची घडी बसवली आणि मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणले. १६२६ साली तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

मराठवाड्यातल्या वाचकाला अंबर ठाऊक असतो. तो ज्या देशातून आला तो देश मात्र नकाशावरच राहतो. इतिहासकार रिचर्ड ईटन यांच्या दख्खनच्या सामाजिक इतिहासावरील पुस्तकात (२००५) अंबरवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानंतर मूळच्या इथिओपियाच्या माझा मेंगिस्टे यांची ‘द शॅडो किंग’ (२०१९) हाती घ्यावी. १९३५ साली इटलीने इथिओपियावर आक्रमण केले, तेव्हा शस्त्र उचललेल्या बायकांची ही कादंबरी आहे. अंबरचा काळ आणि हा काळ यांत तीन शतकांहून अधिक अंतर आहे, पण इथिओपिया म्हणजे निव्वळ दुष्काळ ही समजूत दोन्हींमुळे निघून जाते.

शेतीची वाट अधिक जवळची. बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीसाठी राज्यभर ओळखले जाते. बीडीएन ७११ ही पांढरी आणि बीडीएन ७१६ ही लाल तूर, हे वाण इथलेच. तूर मोझांबिक, टांझानिया, मलावी आणि केनिया या देशांतही पिकते आणि त्यातली बरीच भारतात येते. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला. दरवर्षी एक लाख टनांपासून सुरू करून २०२०-२१पर्यंत तुरीची आयात दोन लाख टनांवर न्यायची, असे ठरले. त्याच हंगामात महाराष्ट्रात तुरीचे अमाप पीक आले आणि २०१७ साली खरेदी केंद्रांसमोर शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या. मग भारताने आयातीवर मर्यादा घातली आणि पूर्व आफ्रिकेतले भाव कोसळले. एका सरकारी निर्णयाचा फटका दोन खंडांतल्या शेतकऱ्यांना बसला, आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती. (मोसंबीचे नाव मोझांबिकवरून आले असे मानतात. जालन्याची मोसंबी प्रसिद्धच आहे, पण तुरीचे नाते अधिक पक्के.)

मोझांबिकसाठी मिया कोउतो यांची ‘स्लीपवॉकिंग लँड’ (मूळ पोर्तुगीज, १९९२) वाचावी. यादवी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या रस्त्यावर जळालेल्या बसमध्ये एक म्हातारा आणि एक पोरगा आसरा घेतात. तिथे त्यांना एका मेलेल्या माणसाच्या वह्या सापडतात आणि पोरगा त्या वाचून दाखवू लागतो. त्या वह्यांत सुरेंद्र वाला नावाचा भारतीय दुकानदार भेटतो, तेव्हा परका वाटणारा देश एकदम ओळखीचा होतो. टांझानियाच्या वाट्याला अब्दुलरझाक गुर्ना येतात. झांझिबारमध्ये जन्मलेल्या गुर्ना यांना २०२१ साली नोबेल मिळाले. त्यांच्या ‘पॅरडाइज’ (१९९४) या कादंबरीत बाप कर्ज फेडता येत नाही म्हणून आपला मुलगा व्यापाऱ्याच्या स्वाधीन करतो. सावकारीच्या कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला इथे टिपांची गरज पडणार नाही.

मलावीसाठी कादंबरीऐवजी विल्यम कामक्वांबा यांचे आत्मकथन निवडावे. २००१-०२च्या दुष्काळात फी भरता न आल्याने त्यांची शाळा सुटली. गावच्या छोट्या ग्रंथालयात विजेवरचे एक पुस्तक त्यांच्या हाती लागले आणि भंगारातले सामान जमवून त्यांनी घराला वीज देणारी पवनचक्की उभारली.

या वाटेवरचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक बोत्सवानाचे आहे, तूर तिथून येत नसली तरी. बेसी हेड यांची ‘व्हेन रेन क्लाउड्स गॅदर’ (१९६८) कोरडवाहू शेतीवरची कादंबरी आहे. दक्षिण आफ्रिकेतून पळून आलेला एक तरुण सीमेपलीकडच्या खेड्यात पोहोचतो. तिथे एक इंग्रज कृषितज्ज्ञ सहकारी शेतीचा प्रयोग करतो आहे. गावचा मुखिया त्याला आडवा येतो आणि पाऊस हुलकावणी देतो. सहकाराचे राजकारण आणि पाण्याची वाट पाहणे मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेले आहे. मराठी ग्रामीण कादंबरीशेजारी ठेवून वाचावे असे हे पुस्तक आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत एक मोह टाळावा. गांधीजींनी तिथल्या सत्याग्रहाचा इतिहास येरवड्याच्या तुरुंगात १९२३ साली गुजरातीत सांगायला घेतला. तो वाचावाच, पण त्यातला मूळचा आफ्रिकी माणूस कडेला राहतो. देश मोजायचा तो नादिन गॉर्डिमर किंवा जे. एम. कुट्सी या नोबेलविजेत्यांवर, किंवा त्याहून बरे म्हणजे एखाद्या कृष्णवर्णीय लेखकावर.

मराठीत कृष्णवर्णीय साहित्याची ओळख आहे, पण ती बरीचशी अमेरिकेची. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधकांना. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाशी जोडलेले म. ना. वानखडे आणि लातूरचे जनार्दन वाघमारे यांनी नीग्रो साहित्य मराठीत चर्चेत आणले, तेही अमेरिकेचेच. अचेबे किंवा न्गुगी वा थिओंगो यांच्यावर तशी चर्चा फार कमी झाली. केनियाचे न्गुगी १९७८ साली तुरुंगात असताना शौचाच्या कागदावर आपल्या गिकुयु मातृभाषेत कादंबरी लिहीत होते. देशीवादावर इतका वाद घातलेल्या मराठीने त्यांच्याकडे जरा जास्तच दुर्लक्ष केले.

अडचण भाषेची आहे. मराठी अनुवाद मोजके असल्याने हा संकल्प बऱ्याच अंशी इंग्रजीतून पुरा करावा लागतो. हिंदीची मदत होते. देशाची पार्श्वभूमी मात्र वाईच्या मराठी विश्वकोशातून मिळते, आणि तो इंटरनेटवर मोफत आहे. जवळच्या वाचनालयात हवे ते पुस्तक नसेल, तर पुढच्या खरेदीच्या यादीत ते घालण्याची मागणी सभासदाने लेखी करावी.

शेवटी उरतात ते इंग्रजीत फारसे न पोहोचलेले देश. माडागास्करची पहिली कादंबरी इंग्रजीत आली ती २०१७ साली, नायवो यांची ‘बियाँड द राइस फील्ड्स’. साओ टोमे ए प्रिन्सिपेचे इंग्रजीत काहीच सापडेना, तेव्हा मॉर्गन यांच्यासाठी स्वयंसेवकांनी ओलिंदा बेजा यांचा कथासंग्रह पोर्तुगीजमधून मुद्दाम अनुवादित केला. शिवाय देशागणिक एक पुस्तक हा हिशेबच वसाहतींच्या सीमांवर उभा आहे. शेकडो भाषांच्या नायजेरियालाही एकच पुस्तक आणि सेशेल्सलाही एकच. ज्याला हे खटकेल त्याने नायजेरियाची तीन पुस्तके वाचावीत, हौसा, योरुबा आणि इग्बो समाजांची प्रत्येकी एक. अचेबे यांचे पुस्तक त्यातलेच इग्बोंचे.